हॉलला बदामी की ग्रेज? दोन वॉर्म शेडमधून एक निवडण्याची पद्धत

पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, थोडा लाल ऑक्साइड आणि किंचित काळा टाकला की बदामी, बिस्किटी, क्रीम या गटातली शेड तयार होते. पिवळा कमी करून काळा वाढवला की ती ग्रे आणि बेजच्या मधे येते, तिला ग्रेज म्हणतात. दुकानातल्या रंग मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनच्या हिशोबात हा फरक डब्यामागे काही मिलिलिटरचा. पण आयव्हरी टाइल्स, थंड पांढऱ्या ट्यूब आणि समोर पंधरा-वीस फुटांवर दुसरी बिल्डिंग अशा आपल्याकडच्या नेहमीच्या फ्लॅटमध्ये तोच फरक रोज डोळ्यांत भरतो.

शेड कार्ड बघून घेतलेला रंग चुकतो, त्याचं कारण साधं आहे: कार्डावर तुमची फरशी नसते, तुमची ट्यूब नसते आणि तुमची खिडकीही नसते. त्यामुळे आधी या तीन गोष्टी तपासायच्या, मग दोन्ही रंगांचे बोर्ड करायचे आणि शेवटी शेड ठरवायची. याला तीन-चार दिवस लागतात. भिंती घासून पुट्टी चालू असेपर्यंत तेवढा वेळ मिळतोच. पेंटर ‘कोड द्या, डबा आणायचाय’ म्हणून मागे लागला तरी प्रायमरचा हात होईपर्यंत शेड सांगायची गरज नसते.

फरशीच्या रंगाचा झुकाव कसा ओळखायचा

भिंत पुन्हा रंगवता येते, फरशी बदलता येत नाही. म्हणून सुरुवात तिथून करा. फरशी नुसत्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या, कारण फिनाइलचा ओशट थर राहिला तर टाइल आहे त्याहून पिवळी दिसते. मग दिवसाच्या उजेडात, ट्यूब बंद करून, एक कोरा ए-फोर कागद टाइलवर ठेवा. ‘पांढरी’ म्हणून घेतलेली टाइल लगेच आपल्या रंगाचा झुकाव, म्हणजे आतली छटा, सांगते: पिवळट, गुलाबट, हिरवट किंवा राखाडी. प्रिंटरचा कागद स्वतः थोडा निळसर असतो, त्यामुळे प्रत्येक वस्तूला तोच एक कागद लावा. दोन वस्तूंतला फरक कळला की काम झालं.

हाच कागद मुख्य दाराला, सोफ्याला, किचनच्या शटरला आणि पडद्याला लावून पाहा.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये आयव्हरी किंवा क्रीम व्हिट्रिफाइड टाइल आहे आणि तिचा झुकाव बहुधा पिवळट निघतो. तिच्यावर थंड ग्रेज लावला की भिंत निळसर आणि फरशी मळकी दिसायला लागते. दोन्ही एकमेकींचा दोष उघडा पाडतात. टाइल गुलाबट असेल तर उलटी अडचण येते: पिवळट बदामी भिंत हिरवी वाटायला लागते. तिथे किंचित लालसर झुकावाचा बदामी घ्या, नाहीतर सरळ ग्रेजकडे वळा. अलीकडच्या टॉवरमध्ये बिल्डर राखाडी किंवा सिमेंटसारखी टाइल देतात, तिथे ग्रेज सहज बसतो आणि बदामी उपरा वाटतो. जुना मोझॅक किंवा कोटा दगड असेल तर कोट्याचा हिरवटपणा लक्षात ठेवा. त्याला हिरवट झुकावाचा ग्रेज चालतो, गुलाबट बदामी मात्र अजिबात नाही.

दिवे रंगाच्या आधी

हा क्रम बहुतेक घरांत उलटा होतो. रंग होतो, फॉल्स सीलिंग होतं आणि शेवटी इलेक्ट्रिशियन हाताला लागतील त्या ट्यूब लावून जातो. मग ‘दुकानात बघितला तो हा रंगच नाही’ ही तक्रार सुरू होते.

दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर उजेड, 4000 मधला, 6500 थंड पांढरा. आपल्याकडे घरोघरी दिसणारी एलईडी ट्यूब साधारण 6500ची असते. तिच्या उजेडात निळा भाग जास्त असल्यामुळे पिवळट बदामी निस्तेज, कधी हिरवट दिसतो आणि ग्रेजमधला ग्रे पुढे येऊन भिंत नुसती राखाडी होते. 3000च्या दिव्यात तोच ग्रेज बदामीच्या जवळ जातो, तर गुलाबट झुकावाचा बदामी पीच दिसायला लागतो.

हॉलसाठी 4000चे मुख्य दिवे आणि कोव्हमध्ये (फॉल्स सीलिंगच्या कडेच्या खाचेत) 3000ची पट्टी ही जोडी दोन्ही शेडना मानवते. घरात ज्येष्ठ माणसं आहेत, वाचायला भरपूर पांढरा उजेड हवा, म्हणून 6500च ठेवायचा असेल तर हरकत नाही. मात्र तो निर्णय आत्ता घ्या आणि बोर्ड त्याच ट्यूबखाली बघा. खोक्यावर सीआरआयचा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा, आकडा असेल तर तो 80 किंवा वर असलेला दिवा घ्या. कमी सीआरआयच्या दिव्यात वॉर्म न्यूट्रल शेड मळकट होतात, मग कितीही महाग इमल्शन लावा.

खिडकीतून येणारा उजेड

उत्तरेची खिडकी असलेल्या खोलीत वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, नुसता आकाशाचा निळसर उजेड येतो. तिथे ग्रेज थंड पडतो. आपण ठाणे-नवी मुंबईत, 19 अंश अक्षांशाच्या आसपास असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, पण त्यातला बराच काळ ढगांत जातो, म्हणून त्या उन्हाचा भरवसा धरू नका. दक्षिणेच्या खोलीत हिवाळ्यात ऊन खोलवर येतं, तिथे दोन्ही रंग चालतात. पश्चिमेच्या खोलीत चारनंतर सगळंच केशरी होतं. बदामी तेव्हा अंगावर येतो आणि ग्रेज अगदी जागेवर बसतो.

दिशेइतकंच महत्त्व खिडकीसमोर काय आहे याला आहे. घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराकडे तोंड असलेल्या खोलीत, किंवा खारघरला डोंगर समोर असेल तिथे, पावसाळ्यात हिरवा उजेड आत येतो आणि एप्रिल-मेमध्ये तोच डोंगर तपकिरी होतो. अशा खोलीत हिरवट झुकावाचा ग्रेज जुलैपासून दिवाळीपर्यंत शेवाळी वाटेल. ठाण्याच्या नौपाडा, पाचपाखाडी अशा जुन्या भागात खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत असते आणि तिचा रंग थेट तुमच्या भिंतीवर पडतो. समोर विटकरी किंवा पीच असेल तर तुमचा बदामी आणखी लालसर होणार. त्या बिल्डिंगला पुढच्या वर्षी कुठला रंग लागेल हे तुमच्या हातात नाही, म्हणून अशा ठिकाणी झुकाव कमीत कमी असलेली शेड घेणं शहाणपणाचं. सिडकोच्या रो हाउसमध्ये उजेड पुढून आणि मागून येतो, मधली खोली दिवसाही दिव्यावरच असते. तिथे खिडकीचा विचार सोडून द्या, फक्त दिवा बघा. याउलट पाम बीच रोडला खाडीकडच्या वरच्या मजल्यावर इतका उजेड असतो की फिका बदामी दुपारी पांढराच दिसतो, तिथे एक पायरी गडद शेड पेलते.

दोन बोर्ड, आणि ते कसे बघायचे

मोबाइलवरचा स्क्रीनशॉट दाखवून डबा बनवून घेऊ नका. शेरविन-विल्यम्स या अमेरिकन कंपनीच्या ‘अ‍ॅक्सेसिबल बेज’ आणि ‘अ‍ॅग्रीएबल ग्रे’ या दोन शेडचे फोटो इंटरनेटवर खूप फिरतात. त्यांचा कोड आपल्या दुकानातल्या मशीनला चालत नाही आणि ‘जवळची शेड’ म्हणून मिळते ती कधी पिवळी, कधी जांभळट निघते. तसा रंग हवाच असेल तर एशियन, बर्जर, नेरोलॅक, ड्युलक्स यांपैकी ज्या कंपनीचा माल घेणार त्याच कंपनीच्या शेड डेकमधली (शेडच्या पट्ट्यांच्या जुडग्यातली) जवळची पट्टी निवडा आणि तिची चाचणी घ्या.

चाचणीचं सामान थोडं लागतं: दोन बाय दोन फुटांचे जिप्सम बोर्ड, एमडीएफ किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, वॉटर बेस प्रायमर, चार इंची रोलर, 320 नंबरचा पॉलिश पेपर आणि दोन्ही शेडचे लहानात लहान डबे. दुकानात छोटा सॅम्पलर मिळाला तर उत्तम, नाहीतर एक लिटर घ्यावा लागतो. दोन हातांना एका बोर्डाला शंभर मिलीसुद्धा लागत नाही. निवडलेल्या शेडचा उरलेला रंग पुढे वापरता येतो, नाकारलेला माळ्याच्या किंवा स्टोअर रूमच्या आत खपतो.

सॅम्पल ज्या प्रॉडक्टचा, भिंतीलाही तेच प्रॉडक्ट. हा नियम पेंटर लोक सर्रास मोडतात. स्वस्त इमल्शनमध्ये सॅम्पल दाखवायचं आणि काम महागड्या शीनवाल्या (किंचित चमकणाऱ्या) इमल्शनमध्ये करायचं, यात कोड एक असूनही रंग वेगळा दिसतो. प्रत्येक प्रॉडक्टचा बेस वेगळा, शिवाय चमकणाऱ्या फिल्मवर उजेड वेगळ्या तऱ्हेने परततो.

बोर्डाला प्रायमरचा एक हात द्या, वाळल्यावर हलकं घासा, मग रंगाचे दोन हात रोलरनेच द्या. ब्रशने रंगवलेला बोर्ड रोलरच्या भिंतीशी जुळत नाही. दोन हातांत चार तास, पावसाळ्यात त्याहून जास्त अंतर ठेवा. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं आणि वाळल्यावर अर्धी-एक पायरी गडद होतं, त्यामुळे दुसऱ्या हातानंतर रात्रभर ठेवूनच मत बनवा.

जुन्या भिंतीवर थेट पट्टे मारण्याची सवय सोडा. शेजारचा जुना रंग नव्याला बिघडवून दाखवतो. जुनी भिंत हिरवी असेल तर कुठलाही बदामी गुलाबी वाटेल. शिवाय पट्ट्याची जाड कड नीट घासली नाही तर शेवटच्या हातानंतरही तिरप्या उजेडात दिसत राहते.

बोर्ड दोन प्रकारे बघायचे असतात आणि दोन्हींचा हेतू वेगळा आहे. पहिल्यांदा दोन्ही बोर्ड चिकटवून शेजारी ठेवा, कोणाचा झुकाव कुठे आहे हे लगेच कळतं. पण त्यावरून निवड करू नका, कारण शेजारच्या बदामीमुळे ग्रेज आहे त्याहून निळा किंवा जांभळट दिसतो. निवड करताना एक बोर्ड दुसऱ्या खोलीत ठेवा आणि उरलेला एकटा बघा: भिंतीला टेकवून, उभा, खालची कड फरशीला लागलेली. टेबलावर आडवा ठेवलेला बोर्ड वरून उजेड घेतो, तो भिंतीहून फिका दिसणारच. मागे जुना रंग असेल तर पांढरी चादर टांगा.

सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री दिवे लावून, असा दोन दिवस बघा. खिडकीशेजारची भिंत, खिडकीसमोरची भिंत आणि पॅसेजचा अंधारा कोपरा, तिन्ही ठिकाणी बोर्ड फिरवा. मग स्विचबोर्डच्या शेजारी धरून पाहा. मॉड्युलर प्लेटचा आणि एसीच्या इनडोअर युनिटचा पांढरा निळसर असतो. बदामीवर ती प्लेट चिकटवल्यासारखी उठून दिसते का, हे याच वेळी कळतं. खटकली तर क्रीम रंगाची प्लेट घेता येते, रंग बदलायची गरज नसते.

किती गडद

शेड किती उजेड परतवते याचा आकडा एलआरव्ही म्हणून दिलेला असतो: शून्य म्हणजे काळा, शंभर म्हणजे पांढरा. वर उल्लेख केलेल्या अमेरिकन शेडमध्ये अ‍ॅक्सेसिबल बेज 58 आणि अ‍ॅग्रीएबल ग्रे 60. तिकडच्या मोठ्या खिडक्यांच्या घरांत ते ठीक, पण आपल्या 10 बाय 10च्या बेडरूमला, ग्रिलमध्ये कपडे वाळत घातलेले असताना, 58-60 अंधारं वाटतं. मधल्या मजल्यावरच्या साधारण फ्लॅटला 65 ते 75 बरा. खालच्या मजल्यावर 75च्या वर जा. तिथे बदामी आणि ग्रेज हा फरक पुसट होतो आणि मोतियाच्या जवळच्या शेड उरतात.

चार भिंतींना लागल्यावर रंग एकमेकांवर परावर्तित होऊन कार्डावरच्यापेक्षा गडद आणि भडक वाटतो. दोन पायऱ्यांमध्ये मन अडकलं तर फिकी घ्या.

कंपनीने आकडा दिलेला नसेल तर दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून एकाच फोटोत घ्या आणि फोटोला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. कुठला गडद ते स्पष्ट दिसतं. रंगाचा झुकाव मात्र फोटोवरून कधीच ठरवू नका, कॅमेरा स्वतःच्या मर्जीने पांढरा दुरुस्त करतो.

छत आणि दारं

पेंटर छताला सवयीने सगळ्यात पांढरा रंग लावतो. तो निळसर पांढरा बदामी भिंतीच्या वर आला की भिंत जुनाट, धुरकटलेली दिसते. बदामी घेणार असाल तर छताला किंचित क्रीमकडे झुकणारा ऑफ-व्हाइट सांगा. ग्रेजला शुद्ध पांढरं छत चालतं, उलट त्याने ग्रेज स्वच्छ दिसतो. लालसर पॉलिशची सागवानी दारं आणि चौकटी असतील तर ग्रेजमधला हिरवटपणा बाहेर येतो, तिथे बदामीचं पारडं जड. पांढरं किंवा राखाडी लॅमिनेट असेल तर ग्रेज.

मग घ्यायचा कोणता

पिवळट टाइल, सागवानी दार आणि उत्तरेची किंवा अंधारी खोली, यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी असतील तर बदामी. राखाडी टाइल, पश्चिमेचं ऊन, पांढरं लॅमिनेट यांतल्या दोन असतील तर ग्रेज. घरात 6500च्याच ट्यूब राहणार असतील तर आमचं मत बदामीकडे, तोही लालसर झुकावाचा, कारण त्या उजेडात ग्रेजचा वॉर्मपणा जवळपास नाहीसा होतो. आयव्हरी टाइल असूनही ग्रेजच हवा असेल तर निदान काळ्याचं प्रमाण कमी असलेली शेड घ्या. डब्याच्या झाकणावरच्या स्टिकरवर कुठला टिंट किती मिली ते अनेकदा छापलेलं असतं. दोन डब्यांचे स्टिकर शेजारी ठेवले की पिवळा, लाल आणि काळा यांचं गणित डोळ्यांसमोर येतं.

हॉलला एक आणि बेडरूमला दुसरी शेड देणार असाल तर पॅसेजमध्ये उभं राहून दोन्ही भिंती एकाच वेळी दिसतात का बघा. दिसत असतील तर त्या जागी ग्रेज निळा वाटणार. पॅसेज हॉलच्याच रंगात घ्या आणि बदल दाराच्या चौकटीच्या आत करा.

देवघराच्या वर आणि किचनच्या बाजूला ग्रेज थोडा जास्त सोशिक ठरतो. अगरबत्तीच्या धुराची काजळी फिक्या बदामीवर लवकर दिसते.

रंग किती लागेल

उदाहरण घ्या: हॉल 16 बाय 10 फूट, उंची साडेनऊ. परिमिती 52 फूट, गुणिले 9.5 म्हणजे 494 चौरस फूट. त्यातून बाल्कनीचा स्लायडिंग दरवाजा 56, खिडकी 30 आणि मुख्य दार 24 वजा केले की 384 उरतात. चांगल्या इमल्शनच्या डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे याहून जास्त लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात 100 चौरस फूट धरा, म्हणजे जवळजवळ चार लिटर. चार लिटरचा एक डबा आणि वर एक लिटर, असे पाच घ्या. जुना रंग गडद असेल तर तिसरा हात लागतो, तेव्हा सहा. छत यात धरलेलं नाही.

सगळे डबे एकाच वेळी, एकाच बेसच्या बॅचमधून टिंट करून घ्या. काम सुरू करण्याआधी सगळा रंग मोठ्या बादलीत एकत्र ओतून ढवळा, सॅम्पलचा उरलेला लिटरही त्यातच घाला. मधेच संपला म्हणून आणलेला डबा भिंतीच्या मध्यावर लावला तर जोड दिसतो. आणावाच लागला तर तो कोपऱ्यापासून नव्या भिंतीला वापरा.

भिंतीवर बिघडतं ते इथे

ओलीवर शेड टिकत नाही. ज्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो तिथे दीड फुटाचा प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. आतल्या बाजूला पाणी जमलं तर भिंत अजून ओली आहे. आधी गळती बंद करा, मग पुट्टी. ओलीचे चहासारखे डाग बदामीवर आणि क्षाराची पांढरी भुकटी ग्रेजवर लगेच उठून दिसते. नवं प्लास्टर असेल तर निदान 28 दिवस थांबा.

पुट्टी घासून झाली की भिंतीलगत बल्ब धरून तपासायला सांगा. बाल्कनीतून तिरपा उजेड येणाऱ्या भिंतीवर शीनवाला ग्रेज प्रत्येक लाट दाखवतो. भिंत सरळ नसेल तर मॅट फिनिश घ्या.

पहिल्या हातानंतर पेंटर खड्डे पुट्टीने भरतो आणि तसाच शेवटचा हात मारतो. ती कोरी पुट्टी रंग शोषते आणि तिथे निस्तेज ठिपके उरतात, मधल्या गडद शेडवर ते फार दिसतात. प्रत्येक ठिपक्यावर आधी प्रायमर, मग रंग. छताच्या कडेला ब्रशने केलेली पट्टी भिंतीहून गडद दिसू नये म्हणून कड आणि रोलर एकाच भिंतीवर, कड ओली असतानाच झाले पाहिजेत. सगळ्या कडा सकाळी आणि रोलर दुपारी, ही पद्धत इथे चालत नाही.

पाणी किती घालायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मापाने घाला. जास्त पातळ केलेला बदामी दोन हातांत झाकत नाही आणि खालचा रंग डोकावतो. मग दोष शेडला दिला जातो.

उरलेला अर्धा लिटर घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहिली की साय धरत नाही. झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि शेडचा कोड, प्रॉडक्टचं नाव, फिनिश व तारीख एमसीबीच्या (मेन स्विचच्या) बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.